माहेरचं आतडं

मला नोकरी मिळाली ती आतेभाऊ आणि मावसभाऊ यांतला फरक सांगता आला म्हणून.

जागा होती इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या जेनेटिक्स विभागात, काउन्सेलरची. ज्यांच्या घराण्यात कॅन्सर आहे त्यांची वंशावळ काढायची, कोणाला धोका आहे ते शोधायचं आणि त्या माणसाला न घाबरवता समजावून सांगायचं, असं काम. इंटरव्ह्यूला समोर तिघी होत्या. दोघींनी छापील प्रश्न विचारले, टीममध्ये वाद झाला तर काय कराल वगैरे. मीही छापील उत्तरं दिली. तिसरी बाई बुटकी, पन्नाशी उलटलेली, आपले केस आपणच कापले असावेत असा अवतार. तोवर ती थर्मासमधलं गरम पाणी पीत गप्प बसली होती. तिनं एकदम विचारलं, "तुझ्या भाषेत आईच्या भावाला काय म्हणतात?"

"मामा."

"बापाच्या भावाला?"

"काका."

"बापाच्या बहिणीच्या नवऱ्याला?"

"आतोबा."

"आईच्या बहिणीचा मुलगा? बापाच्या बहिणीचा मुलगा?"

"मावसभाऊ. आतेभाऊ."

एचआरची बाई खाकरली. "हे प्रश्न आपण बाकीच्या उमेदवारांना विचारलेले नाहीत."

"त्यांना विचारून काय उपयोग?" बाई म्हणाली. "त्यांच्याकडे सगळे कझिन आणि सगळे अंकल. अंकल! आईकडचा की बापाकडचा, रक्ताचा की लग्नातून आलेला, काही पत्ता नाही. या लोकांनी जगावर राज्य कसं केलं?"

त्या आमच्या मॅडम. इथे कन्सल्टंटला, म्हणजे मोठ्या डॉक्टरलाही नुसत्या नावानं हाक मारतात. मी पुण्यात नर्सिंग केलेली, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी मॅडम म्हणायला लागले तेव्हा त्या चिडल्या होत्या. "मी काय राणी आहे का?" पण वर्षभरात फोन उचलून स्वतःच 'मॅडम बोलतेय' म्हणायला लागल्या.

मॅडम मूळच्या चीनमधल्या एका अवाढव्य शहरातल्या. तिथेच डॉक्टर झाल्या, तिथेच बरीच वर्षं काम केलं आणि मग इकडे आल्या. त्यांच्या लहानपणी त्या शहरात सायकली होत्या, त्यांच्या डोळ्यांदेखत मोटारी आल्या. माणसं बसून कामं करू लागली, ताटात मांस वाढलं, आणि मोठ्या आतड्याचे कॅन्सरही वाढले. मॅडम सांगायच्या, यातले बहुतेक काही घराण्यातून येत नाहीत. वय, खाणं, बैठक, दारू, सिगरेट, असलीच कारणं. पण या गर्दीत थोडी घराणी अशी असतात की त्यांच्या एका जनुकातच बिघाड असतो. तो आईकडून येतो नाहीतर बापाकडून. तिथे कॅन्सर लवकर होतो, तरुणपणी होतो, आतड्याच्या उजव्या बाजूला पुष्कळदा होतो आणि बायकांना गर्भाशयाचाही होतो. ती घराणी वेळेवर सापडली तर माणसं वाचतात. दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची, म्हणजे नळी घालून आतडं आतून बघायचं, गाठ लहान असतानाच काढून टाकायची. ती घराणी शोधायची कशी, एवढ्या एकाच प्रश्नावर मॅडमनी आयुष्य काढलं.

अडचण अशी होती की पुस्तकांतला जुना नियम म्हणायचा, घरात तीन माणसांना कॅन्सर झालेला असला पाहिजे, तोही दोन पिढ्यांत, तरच तो घराण्यातला. मॅडमच्या शहरात एका पिढीला भावंडंच नाहीत. सरकारी कायद्यानं प्रत्येक घरात एकच मूल. वंशावळीत पुरुषाला चौकोन आणि बाईला वर्तुळ काढतात. मॅडमच्या पेशंटांचे तक्ते म्हणजे खाली एक चौकोन लोंबतोय, संपलं.

एका मीटिंगमध्ये एका उंच सर्जननं एका तरुण पेशंटबद्दल म्हटलं, "नो फॅमिली हिस्टरी."

"फॅमिलीच नाही, तर हिस्टरी कुठून येणार?" मॅडम म्हणाल्या. "एकुलत्या एका माणसाला खानदानी आजार होत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

सर्जन म्हणाला, तसं नाही, पण नियमाप्रमाणे. मॅडम म्हणाल्या, नियम ज्यांनी लिहिला त्यांना सात-सात भावंडं होती. प्रत्येक गाठ प्रयोगशाळेत तपासा, नातेवाईक मोजत बसू नका. आता ते सर्रास करतात. तेव्हा मॅडमना त्यासाठी दर मीटिंगला भांडावं लागायचं, आणि त्यांना भांडायला आवडायचं हेही खरं.

समोरच्यानं काही चुकीचं म्हटलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढचा घास जात नसे. पोस्टमन, बसमधला शेजारी, प्रसूतीच्या वॉर्डमधला नवा बाप, कोणीही असो. कँटीनमध्ये कोणी म्हणालं, माझं आतडं उत्तम आहे, रोज सकाळी साफ होतं, की मॅडम ताट सरकवून पुढे झुकायच्या. "त्यावरून काहीही कळत नाही."

आमच्याकडच्या गणपतीला मी त्यांना एकदा कम्युनिटी हॉलमध्ये नेलं. आरती झाली, पानं मांडली, आणि मॅडमना शेजारी मिळाले मराठी मंडळाचे सगळ्यांत ज्येष्ठ काका. मी वरण वाढत होते. कानावर आलं, "तुम्हाला शौचाला नियमित होतं का?" माझ्या हातातला डाव थबकला. काकांच्या हातात मोदक होता. काकांनी तो खाली ठेवला आणि आनंदानं सुरुवात केली. इसबगोल, कोमट पाणी, पपई, इंग्लंडच्या हवेत होणारा त्रास, दिवाळीत झालेला घोटाळा. मॅडम मान डोलावत होत्या. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर?" काकांनी मोदक उचलला. "छे छे. आमच्याकडे तसलं काही नाही."

घरी जाताना मॅडम गाडीत म्हणाल्या, "तुम्ही लोक थेट आमच्यासारखे आहात. पोट साफ झालं का, हे सगळ्या गावात सांगता. त्याच पोटात गाठ झाली की भिंतीलाही सांगत नाही."

हे त्यांचं निदान मला आजही खोडता आलेलं नाही.

लोकांना बोलतं करायची मॅडमची एक पद्धत होती. त्यांचा कौन्सिलकडून घेतलेला भाजीचा मळा होता, इथे त्याला अलॉटमेंट म्हणतात. उन्हाळ्यात त्या क्लिनिकला ब्रॉड बीन्सची पिशवी घेऊन यायच्या. ब्रॉड बीन्स म्हणजे आपल्या पावट्याची गोरी, थोराड बहीण. पेशंट खुर्चीत बसला की त्याच्या मांडीवर वाडगं आणि शेंगा. "सोला," मॅडम म्हणायच्या, "आणि आजीचं सांगा." शेंगा सोलता सोलता माणसं खरंच बोलायची. ज्या मावशीचं नाव घरात घेत नसत ती मावशी चौथ्या-पाचव्या शेंगेला बाहेर यायची. "हात रिकामे असले की माणूस तोंड सांभाळतो," मॅडमचं म्हणणं. सोललेले दाणे मी घरी नेऊन त्यांची उसळ करायचे. माझ्या नवऱ्याला हे दाणे कुठून येतात ते मी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती.

मग इन्फेक्शन कंट्रोलच्या बाई आल्या. त्यांनी वाडगं पाहिलं, माती पाहिली, मॅडमचे मळ्यातले बूट पाहिले. शेंगा बंद झाल्या. पुढच्या आठवड्यात मॅडमनी गुंतलेल्या लोकरीचं बोचकं आणलं. पेशंटनं गुंता सोडवायचा आणि घराण्याचं बोलायचं. दिवस संपला की मॅडम स्वतः टेबलाशी बसून, सोडवलेली लोकर पुन्हा मन लावून गुंतवायच्या. नवीन सेक्रेटरीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या बऱ्या आहेत ना?"

या पद्धतीला हरवणारी बाई मी एकच पाहिली.

तिची मुलगी आमची पेशंट होती. तिशी नुकती ओलांडलेली, अकाउंटंट, हसरी. आईबापांबरोबर शाळकरी वयात मॅडमच्याच शहरातून इकडे आलेली, अर्थातच एकुलती एक. तिच्या आतड्याची गाठ काढली, गाठ तपासली, मग रक्त तपासलं आणि जनुकातला तो बिघाड सापडला. मुलगी ठणठणीत बरी होत होती. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा इथलाच, गोरा, फेरीबोटीवर इंजिनिअर. त्याला सगळं माहीत होतं. आजारपणात तोच उशाशी बसून होता.

प्रश्न आईचा होता. बाप पूर्वीच हार्ट अटॅकनं गेलेला. बिघाड त्याच्याकडून आला असेल तर आईला धोका नाही. आईकडून आला असेल तर साठीला टेकलेल्या या बाईच्या पोटात आत्ताच काही वाढत असू शकतं. ते कळायला एक साधी रक्ततपासणी पुरे. आणि आई ती करून घेईना.

मुलगी तिला घेऊन आली. आई एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला, हात लोखंडासारखे, इंग्रजी जेमतेम. मॅडम तिच्याशी त्यांच्या शहरातल्या बोलीत बोलायच्या आणि माझ्यासाठी इंग्रजीत सांगायच्या. आईला लोकरीचं बोचकं दिलं. तिनं ते एकदा उलटंपालटं करून पाहिलं, एक टोक पकडलं आणि बघता बघता गुंडा करून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"तुझ्या आईवडिलांना काय झालं होतं?"

"म्हातारपण."

"भावंडं?"

"एक मोठा भाऊ होता. तोही म्हातारपणानं गेला."

"किती वर्षांचा होता?"

"म्हातारा होता."

मुलगी म्हणाली, "आई, मामा गेला तेव्हा मी बालवाडीत होते. तो म्हातारा कसा असेल?"

आई मॅडमना काहीतरी तडकाफडकी बोलली. मॅडमनी मला सांगितलं, "ती म्हणते, मुलीचं आजारपण आलं आणि गेलं. पाय घसरून पडावं तसं. पण घराण्यात आहे म्हटलं की नातवंडांपर्यंत जातं. मुलाच्या आईला कळलं तर लग्न मोडेल."

मला हे भाषांतर न करताही कळलं असतं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी माझ्या एका आत्याच्या आजाराला आमच्या घरात बैठक होईपर्यंत 'अॅसिडिटी' म्हणत होते.

त्या दोघी गेल्यावर मॅडम गुंड्याकडे बघत बसल्या. "फार हुशार बाई आहे," त्या म्हणाल्या. "हिला मळ्यावर न्यायला हवं."

"पेशंटच्या आईला? मॅडम, ते नियमात बसत नाही."

"मी कुठे क्लिनिकला बोलावतेय? ओळखीच्या बाईला शेंगा बघायला बोलावतेय. तू गाडी आण."

रविवारी मी त्या तिघींना गाडीत घालून नेलं. आईनं मळा पाहिला, मॅडमच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि ओरडायला सुरुवात केली. मुलगी मला सांगत होती. पालेभाजी फार दाट लावलीये, कांदे उथळ आहेत, हा मळा आहे की कचराकुंडी. मॅडम खूश होऊन ऐकत होत्या. कोणीतरी आपल्यालाही दुरुस्त करतंय याचं त्यांना अप्रूप वाटलं असावं. मग आम्ही उलट्या क्रेटवर बसून शेंगा सोलायला घेतल्या. आईनं मॅडमना विचारलं, "एवढी शिकलीस, लग्न का नाही केलंस?"

"ठरलं होतं," मॅडम म्हणाल्या. "साखरपुड्याच्या जेवणाला होणाऱ्या सासूनं विचारलं, तुमच्या घरी सगळे निरोगी ना? माझे वडील आणि आजोबा दोघेही आतड्याच्या कॅन्सरनं गेलेले. मी नुकतीच वंशावळ काढायला शिकले होते. टेबलक्लॉथवर पेनानं सगळी काढून दाखवली. मला वाटलं, तिला आवडेल."

"मग?"

"ती उठून गेली. मुलगाही तिच्या मागे. दोन अख्खी बदकं तशीच राहिली. आम्ही तीन दिवस बदक खाल्लं."

आई इतकी हसली की तिच्या मांडीवरची टोपली सांडली. मी इतकी वर्षं मॅडमबरोबर काढली होती, मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"आणि तुला आहे का तो आजार?" आईनं हसू आवरून विचारलं.

"नाही. पुढे तपासणी निघाली, मी करून घेतली. मला काहीच नव्हतं."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे उगाचच मोडलं लग्न?"

"उगाचच. तपासल्याशिवाय कसं कळणार?"

आईनं शेंग पुन्हा उचलली. मग म्हणाली, "हिच्या बापाकडचे सगळेच पोटाचे रोगी होते. सासू कायम पोट धरून बसलेली. माझ्या माहेरी सगळे पहाडासारखे. हे त्यांच्याकडूनच आलंय."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "पण नुसतं म्हणून कोण ऐकणार? तुझं रक्त स्वच्छ निघालं तरच सिद्ध होईल की हे तुझ्या माहेरचं नाही."

आईनं तिथल्या तिथे बाही वर केली.

मी कपाळाला हात लावला. आमच्या कामात माणसाला असं ढकलायचं नसतं. मी म्हटलं, "मॅडम, दुसरी बाजूही सांगा. नाहीतर मी हे पुढे जाऊ देणार नाही."

मॅडमनी सांगितलं. तुझ्याकडूनही आलेलं असू शकतं, मग आतडं आतून तपासावं लागेल, कदाचित काही सापडेल. नको असेल तर आत्ता नाही म्हण. मुलगी शब्दाशब्दाला मान हलवून खात्री देत होती, की मॅडम खरंच ते सांगताहेत. आईनं हात झटकला. "माझ्या माहेरचं असणारच नाही. सुई आण."

"सोमवारी," मी म्हटलं. "क्लिनिकमध्ये. हात धुऊन."

सोमवारी ती वेळेआधी आली, चांगला कोट घालून, कोर्टात निकाल ऐकायला आल्यासारखी. खरा निकाल काही आठवड्यांनी आला. तो सांगायलाही मॅडमनी मला बरोबर घेतलं. बिघाड आईकडून आला होता.

 मला वाटलं, आता ती मॅडमवर ओरडेल. मुलीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग आई बोलायला लागली, मॅडमकडे न बघता, आणि मॅडम एकेक वाक्य मला देत गेल्या. भाऊ चाळिशीही न गाठता गेला. शेवटी पोट फुगलं होतं. आई त्याच्या आधी गेली, तिला खालून रक्त जायचं. एक मावशी होती, तिची गर्भपिशवी काढली होती. कोणाच्याच आजाराचं नाव कोणी घेतलं नाही. आई शेवटी मला म्हणाली, थेट मला, तिच्या मोडक्या इंग्रजीत, "लिही. सगळे लिही."

मी एकेक चौकोन आणि वर्तुळ काळं भरत गेले. मॅडमनी तिला गरम पाणी ओतून दिलं.

कोलोनोस्कोपीत उजव्या बाजूला गाठ सापडली. कॅन्सर नुकताच सुरू झालेला, आतड्याच्या भिंतीबाहेर न गेलेला. तेवढा भाग कापून काढला, पुढे औषधंही लागली नाहीत. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आई वॉर्डमधल्या सूपला नावं ठेवत होती, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो. मॅडम म्हणाल्या, आणखी वर्षभर ही माहेराची अब्रू सांभाळत बसली असती तर मला हिच्याशी मळ्यावर भांडता आलं नसतं.

लग्न मुलीनं पुढे ढकललं होतं, ते शरद ऋतूत झालं. रजिस्ट्रार ऑफिसमध्ये सह्या आणि मग आई काम करायची त्याच रेस्टॉरंटमध्ये जेवण. आम्हा दोघींना बोलावणं होतं आणि आमची पानं आईच्या आणि नवऱ्यामुलाच्या आईच्या मधोमध होती. ही विहीण शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झालेली, गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी बाई. तिला आईनं किंवा मुलीनं अजून काही सांगितलं नव्हतं. मुलगी म्हणत होती, नंतर सांगू. आईनं मासा येईपर्यंत वाट पाहिली आणि मग चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मुलीला म्हणाली, तिला सांग, शब्द बदलू नकोस.

मुलीनं सांगितलं.  "आई म्हणते, माझ्या माहेरी आतड्याचा कॅन्सर आहे. माझी आई, माझा भाऊ, मी आणि आता माझी मुलगी. तिच्या मुलांनाही येऊ शकतो. तुम्हाला हे लग्नाआधी सांगायला हवं होतं. मी घाबरले."

 नवरामुलगा उठायच्या बेतात होता. विहिणीनं आईकडे बघितलं, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अगं, मग आपण दोघी एकाच बोटीतल्या की! माझ्या आईलाही आतड्याचाच झाला. ऐंशीची होती. आणि अंकल रेगीला, तो तर त्याहून म्हातारा."

मुलीनं हे आईला सांगितलं. आईचा चेहरा हळूहळू उजळला. तिनं टेबलावर थाप मारली आणि काहीतरी म्हणाली. मुलगी हसत म्हणाली, "आई म्हणते, मग फिटंफाट! दोन्ही माहेरं सारखीच!"

माझ्या शेजारी मॅडमनी श्वास घेतला. मला तो श्वास ओळखीचा होता. ऐंशीव्या वर्षी झालेला कॅन्सर आणि तिशीतला घराण्यातला कॅन्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची तुलना होऊ शकत नाही. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला.

"पण हे चूक आहे," त्या मला म्हणाल्या.

"मासा खा."

"आणि तो अंकल. आईकडचा की बापाकडचा, तेही सांगितलं नाही तिनं."

"मॅडम, मासा."

त्यांनी मासा खाल्ला. केक कापेपर्यंत दम धरला. मग मी नवऱ्यामुलाशी बोलत असताना त्या हळूच उठल्या आणि विहिणीला खिडकीशी गाठलं. मला लांबून दिसत होतं, मॅडमचं बोट हवेत चौकोन आणि वर्तुळं काढत होतं. विहीण शांतपणे ऐकत होती. मग ती काहीतरी म्हणाली, मॅडमच्या दंडावर थोपटलं आणि आईचा हात धरून तिला नाचायला घेऊन गेली.

मॅडम जागेवर येऊन बसल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मला ठाऊक आहे हो. मुलानं सून आजारी पडली तेव्हाच सगळं वाचून काढलं होतं, मलाही सांगितलं होतं."

"मग?"

"मग म्हणाली, पण तिचा चेहरा पाहिलात ना?"

मॅडमनी नाचणाऱ्या त्या दोघींकडे पाहिलं. विहिणीला नाचता येत होतं, आईला अजिबात येत नव्हतं, आणि तरी आईच तिला कसं नाचायचं ते दाखवत होती.

"तिला ठाऊक होतं," मॅडम पुन्हा म्हणाल्या. "आणि तरीही ती चुकीचं बोलली. मुद्दाम." मग त्यांनी मला विचारलं, अगदी मनापासून, एखादी अवघड केस विचारावी तसं, "हे तुला जमलं असतं?"

"नसतं," मी म्हटलं.

"मलाही नसतं," मॅडम म्हणाल्या आणि उठून नाचायला गेल्या.